१३९०चं करायचं काय?

आज संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या झाल्या, विषय एकच: लेकीचा एसएटीचा, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेचा, स्कोअर. १६००पैकी १३९०. गणितात ७४०, इंग्रजीत ६५०. तिच्या यादीतल्या बऱ्याच अमेरिकन कॉलेजांत स्कोअर कळवणं ऐच्छिक आहे. एमआयटीने मात्र २०२२ मध्ये सक्ती परत आणली, म्हणजे तिथे प्रश्नच मिटला.

मी म्हटलं, "देऊन टाक सगळीकडे, लाजायचं काय त्यात?" (आमच्या दहावीचे मार्क अख्ख्या चाळीला कळायचे, लपवायची सोयच नव्हती!) ती भेळेतले शेंगदाणे वेचत म्हणाली, "लपवणं नाही रे बाबा, नियमच तसा आहे."

शेवटी कॉलेजांचे आकडे काढले. प्रवेश मिळालेल्या मुलांपैकी वरची पाव आणि खालची पाव सोडून मधल्या निम्म्यांच्या स्कोअरच्या पट्ट्यात १३९० बसतो, तिथेच द्यायचा. अशी तीन निघाली. चौथ्यावरून घरी येईपर्यंत वाद चालू होता.