खाल्ल्या घरचे वासे

वडिलांनी मांडवाचा धंदा सुरू केला तेव्हा भांडवल म्हणजे शंभरेक वासे, बारा ताडपत्र्या आणि उसनी हातगाडी. मुळशी-मावळातली लग्नं, जत्रा, तेरावी. जत्रेत कुस्त्यांचा आखाडा असे आणि इनामाचे पैसे लोकवर्गणीचे. पंच भोंग्यावरून पुकारत, अमक्याचे एकशे एक, तमक्याचे एकावन्न. कुणी किती दिले ते गावाला वर्षभर पाठ असे.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला क्रीडानगरी उभी राहिली. आमच्या वाट्याला काम आलं ते मजुरांच्या जेवणाच्या कनातींचं. पण तिथली लोखंडी पाइपांची मांडणी बघून वडील घरी येऊन म्हणाले, "बांबूचे दिवस संपले रे." पुढच्या दिवाळीला कर्ज काढून पाइप घेतले.

२००८ च्या ऑक्टोबरात त्याच बालेवाडीत राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. ७१ देशांची पोरंपोरी आली होती. आम्ही मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली बॅरिकेड, खुर्च्या आणि पार्किंगचे मांडव धरले. सात दिवसांच्या स्पर्धेत सहा महिन्यांची कमाई झाली, दुसरा टेम्पो त्याच पैशातला. तेव्हा सरकारनं स्पर्धांवर पैसा ओतावा का, यावर मी तोंड उघडणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. पण वासे मोजणं हाच आमचा धंदा आहे, म्हणून मोजतो.

मांडव आठव्या दिवशी उतरतो. धावपट्टी, पोहण्याचा तलाव, नेमबाजीची रेंज मागे राहते. तो खर्च मला पटतो. बाणेर रस्ताही त्याच निमित्तानं रुंद झाला. (रस्ता करायला पोरांच्या शर्यती कशाला लागतात, हे मला अजून कळलेलं नाही.) पण पाहुण्यांच्या कक्षातल्या एका सोफ्याचं भाडं वीस खुर्च्यांएवढं लावलं जातं. मीच लावलंय, म्हणून सांगतो. ते पैसे माझ्या गल्ल्यात आले ते बरंच झालं, पण जनतेच्या पैशातून ते जावेत, हे पटत नाही. चेन्नईहून आलेली एटीपी टेनिस स्पर्धा २०१८ ते २०२३ या काळात, २०२१ चं वर्ष सोडून, पाच वेळा बालेवाडीत झाली आणि गेली. कोर्टं आहेत, तिथं पोरं खेळतात.

क्रिकेटचं तर मला कोडंच आहे. मुंबईतल्या टी-ट्वेंटी सामन्याच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क सरकारनं २०२३ मध्ये ७० लाखांवरून १० लाखांवर आणलं, तेही २०११ पासून मागच्या तारखेनं. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनाच सवलत. आमच्या भागातलं कबड्डी मंडळ मात्र गॅलरीचं भाडं कमी करा म्हणून माझ्याकडे येतं, आणि मला ते करावं लागतं.

एका स्पर्धेचं बिल, कुठल्या ते विचारू नका, चौदा महिने अडकलं होतं. दर खेपेला एकच उत्तर : "वरून निधी आलेला नाही." तोवर माणसांचे पगार मी टेम्पोवर कर्ज काढून केले. आता ई-निविदा मुलगी बघते. तिचा नियम आहे, सरकारी स्पर्धेत पोटठेका घ्यायचा तर निम्मे पैसे आधी.

जत्रेच्या आखाड्याला आम्ही आगाऊ मागत नाही. यंदा शेवटची कुस्ती सुटायच्या आत पंचांनी गॅलरीचे पैसे मोजून हातात दिले. निम्मी तर दहा-दहाची नाणी होती, मोजायला आम्हाला रात्र झाली.