आमदारांचे वेतन आणि आमदारकीचा खर्च

ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने आमदारांचे वेतन आणि भत्ते मिळून सुमारे ७५ हजार रुपयांची मासिक रक्कम दीड लाखाच्या पुढे नेली, माजी आमदारांचे निवृत्तिवेतन ४० हजारांवरून ५० हजार केले, आणि ते विधेयक चर्चेशिवाय मंजूर झाले. त्या वेळी राज्यात दुष्काळाच्या झळा ताज्या होत्या, त्यामुळे लोकांना राग येणे साहजिकच होते. मात्र तेव्हाही आणि त्यानंतरही, लोकप्रतिनिधींना भरपूर पगार दिला तर त्यांना पैसे खाण्याची गरज उरणार नाही, असे मत मी अनेक विचारी माणसांकडून ऐकत आलो आहे. ते मत मनापासून मांडलेले असते, म्हणून त्याचा नीट विचार करावासा वाटतो.

त्या मताच्या बाजूने जाणारे एक उदाहरण आपल्याच संसदेत घडले आहे. डिसेंबर २००५ मध्ये सभागृहात प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात लोकसभेच्या दहा आणि राज्यसभेच्या एका सदस्याला संसदेतून काढून टाकण्यात आले. त्यांत जळगाव जिल्ह्यातील दोन खासदार होते. छुप्या कॅमेऱ्यासमोर घेतलेल्या रकमा १५ हजारांपासून एक लाख १० हजारांपर्यंत होत्या. खासदाराचे मूळ वेतन तेव्हा महिना १२ हजार रुपये होते, म्हणजे सर्वांत लहान लाचही महिन्याच्या मूळ पगाराहून थोडी जास्त होती. हे आकडे शेजारी ठेवले की तुटपुंज्या पगाराने माणूस घसरतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. ते मूळ वेतन २००६ मध्ये १६ हजार, २०१० मध्ये ५० हजार, २०१८ मध्ये एक लाख झाले आणि मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या वाढीनंतर एक लाख २४ हजारांवर गेले आहे. वीस वर्षांत पगार दसपट झाला. राजकारणातला पैशाचा व्यवहार त्या प्रमाणात आटला, असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

याचे कारण माझ्या मते पगाराच्या आकड्यात सापडत नाही. पगार निवडून आल्यानंतर सुरू होतो. पैशाची निकड मात्र उमेदवारी मागण्याच्या आधीपासून सुरू झालेली असते. जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे यांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला आठ कोटी रुपये खर्च झाल्याचे जाहीरपणे सांगितले होते. खर्चाची कायदेशीर मर्यादा तेव्हा २५ लाख रुपये होती. निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस पाठवली आणि चर्चा तांत्रिक मुद्द्यांवर गेली. एका ज्येष्ठ नेत्याने सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली, तर तिच्याकडे व्यवस्थेतला दोष म्हणून पाहायला हवे होते; ती संधी आपण घालवली याची मला आजही खंत वाटते.

आता साधा हिशेब करू. आमदाराला सगळे मिळून महिना अडीच लाख रुपये मिळतात असे धरले, तर पाच वर्षांत दीड कोटी रुपये होतात. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २०२२ पासून ४० लाख आहे, पण कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी चहाच्या टपरीवर विचारले तरी ही मर्यादा पहिल्या आठवड्यातच ओलांडली जाते, असे उत्तर मिळेल. त्यात निवडून आल्यावर खर्च थांबत नाही. लगीनसराईत आमदाराला एका दिवसात कितीतरी लग्नांना हजेरी लावावी लागते आणि रिकाम्या हाताने जाता येत नाही. गणेश मंडळांची वर्गणी, अखंड हरिनाम सप्ताहातली एखादी पंगत, गावोगावच्या टेनिसबॉल क्रिकेट स्पर्धांचे प्रथम पारितोषिक, शहरातल्या दवाखान्यात अडकलेल्या रुग्णाचे बिल, दहाव्याला जाणाऱ्या गाड्यांचे डिझेल आणि दिवसभर कार्यालयात बसून असलेल्या कार्यकर्त्यांचे जेवण हे सगळे मतदारांनीच गृहीत धरलेले आहे. जो देत नाही त्याच्याबद्दल ‘माणूस चांगला आहे, पण उपयोगाचा नाही’ असे बोलले जाते. हा खर्च पगारातून भागवणे अशक्य आहे, आणि पगार दुप्पट केला तरी तो अशक्यच राहील. मग तो रस्त्याच्या, बंधाऱ्याच्या, शाळाखोल्यांच्या कामांतल्या टक्केवारीतून भागतो, किंवा आमदार स्वतःच कारखाना, शिक्षणसंस्था वा ठेकेदारीचा धनी असतो.

तरीही आमदाराला नीट वेतन मिळाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने अकरा वेळा निवडून आले आणि एसटीने प्रवास करणारे आमदार म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले. ज्याच्या मागे कारखाना वा बांधकाम व्यवसाय नाही, अशा माणसाला घर चालवून सभागृहात ताठ मानेने बसता यावे, यासाठी वेतन असते. ब्रिटनमध्ये १९११ पर्यंत खासदारांना पगारच नव्हता, आणि तो सुरू व्हावा ही मागणी कामगारवर्गाच्या चळवळीने त्याआधी अनेक दशके लावून धरली होती, ती याच कारणाने. ब्राझीलच्या नगरपरिषदांच्या अभ्यासातही वेतन वाढल्यावर अधिक शिकलेले उमेदवार पुढे आल्याचे दिसले. प्रामाणिक माणसाला वेतनाचा आधार होतो. हपापलेल्याचे पोट त्याने भरत नाही.

सिंगापूरचे नाव या वादात हमखास निघते. तिथे १९९४ पासून मंत्र्यांचे वेतन खासगी क्षेत्रातल्या सर्वाधिक कमावणाऱ्यांच्या उत्पन्नाशी जोडलेले आहे, हे खरेच. पण तिथली भ्रष्टाचार तपास यंत्रणा १९५२ पासूनची आहे आणि कडक कायदा १९६० चा. जबर पगार कितीतरी नंतर आला. एवढे असूनही एस. ईश्वरन या मंत्र्याला २०२४ मध्ये भेटवस्तू स्वीकारल्याबद्दल बारा महिन्यांची शिक्षा झाली. पगाराने त्याला रोखले नाही. तपास यंत्रणेने सत्तेतल्या मंत्र्याला हात घातला, हे मला त्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते.

आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पण पक्षाच्या खर्चाला कायद्याने कोणतीही मर्यादा घातलेली नाही, त्यामुळे उमेदवाराची मर्यादाही कागदावर राहते. स्वतःचा पगार स्वतः ठरवण्याचा अधिकारही लोकप्रतिनिधींकडे राहू नये. ब्रिटनमध्ये २००९ च्या भत्ते घोटाळ्यानंतर हे काम स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेले, तसे आपल्याकडेही करता येईल. संसदेने पक्षांच्या निवडणूक खर्चावर मर्यादा घालणारी आणि त्यांच्या हिशेबांची बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून तपासणी सक्तीची करणारी दुरुस्ती मंजूर करावी, आणि त्याच अधिवेशनात खासदारांचे वेतन दुप्पट करण्याचे विधेयक आणावे; त्या विधेयकाला माझा जाहीर पाठिंबा असेल.