सकाळच्या झिणझिण्या

शुक्रवार म्हणजे ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीची सुट्टी. शेजारच्या गाळ्यातली पॉवर प्रेस बंद, समोरचा फॅब्रिकेशनवाला बंद, टेम्पोंची ये-जा नाही. त्यामुळे कानाची कामं मी शुक्रवारवर ठेवतो. गिटारच्या अँप्लिफायरचा हम, म्हणजे ती घुंऽऽ घरघर, किती आहे, कुठल्या ट्यूबमधून, म्हणजे आतल्या काचेच्या व्हॉल्व्हमधून, येतोय, हे एरवी प्रेसच्या धाडधाडीत कळतच नाही. त्या शुक्रवारी पावणेआठला शटर वर करत होतो आणि फोन वाजला.

"बाबांना तुमच्या मशीनचा शॉक लागतो." माझा अँप्लिफायर घेतलेले एक गिटारवाले काका आहेत, त्यांचा मुलगा. नमस्कार-चमत्कार काही नाही. "आजपासून बंद. येऊन घेऊन जा. पैशाचं नंतर बघू."

पोटात गोळाच आला. तो अँप्लिफायर मी हाताने बनवलेला. आत साडेचारशे व्होल्ट डीसी खेळत असतं, आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ दबा धरून बसतं. असल्या वस्तूचा शॉक पंचाहत्तरीच्या माणसाला लागतो म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मीटर, इन्सुलेशन तपासायचा मेगर, टेस्ट लॅम्प पिशवीत कोंबले आणि स्कूटर चरईकडे, काकांच्या घराकडे वळवली.

आमचा मूळ धंदा ट्रान्सफॉर्मर वायंडिंगचा. वडिलांनी सुरू केला, आणि आजही घर चालतं ते स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरवर. ट्यूब अँप्लिफायर ही हौस. वर्षाला चार-पाच बनतात, गिऱ्हाईक तोंडातोंडी येतं. त्यात बहुतेक रॉक वाजवणारी पोरं. त्यांना ट्यूब फाटायला हवी असते, सुराला धार आणि घाण दोन्ही हवी असते.

काका आले ते नेमकं उलटं मागत. एके काळी ते वाद्यवृंदात हवाईयन गिटार वाजवायचे. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांच्या रेकॉर्डी ऐकून हात बसवलेली ती पिढी. हल्ली हवाईयन गिटार म्हटलं की पोरं मोबाइलवर शोधायला लागतात. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी रॉड, आणि तो तारांवरून घसरवत सूर काढायचे. रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' 1932 साली बाजारात आली, विजेवर चालणाऱ्या गिटारींमधली ती अगदी पहिली, आणि तीसुद्धा मांडीवरचीच होती. हे मला काकांनीच पहिल्या भेटीत सांगितलं, जरा छाती फुगवून.

हवाईयन म्हणजेच स्टील गिटारवाल्याच्या पायाखाली व्हॉल्यूम पेडल असतं. सूर छेडताना ते अर्धवट दाबलेलं असतं. तार विझायला लागली की पाय हळूहळू खाली जातो, आणि विझणारा सूर तसाच तोलून धरला जातो. मींड संपली तरी आस रेंगाळते ती त्या पायामुळे. म्हणजे अँप्लिफायरच्या पोटात कायम शिल्लक ताकद हवी. पाय पूर्ण खाली गेला आणि तिथे सूर फाटला तर सगळं मुसळ केरात. म्हणून काकांसाठी दोन सिक्स-एल-सिक्स ट्यूब, चाळीसएक वॅट, पंधरा इंची स्पीकर, आणि गरजेपेक्षा बराच जाडजूड आउटपुट ट्रान्सफॉर्मर. प्रायमरी आणि सेकंडरी, म्हणजे वीज आत घेणारी आणि बाहेर देणारी गुंडाळी, यांचे थर एकाआड एक घालत तो मी तीन दिवस गुंडाळत होतो. बायको म्हणाली, एवढ्यात चाळीस स्टॅबिलायझर झाले असते. खरंच झाले असते.

दार सूनबाईंनी उघडलं. मुलगा आंघोळीला गेला होता, ते बरंच झालं. काका बनियन-लेंग्यात, गिटार मांडीवरच, फक्त अँप्लिफायरची वायर काढलेली.

"अरे, शॉक नाही रे तो," काका हळूच म्हणाले. "झिणझिण्या. रॉड धरला की बोटांत मुंग्या चावतात. कधी मनगटापर्यंत. डॉक्टर म्हणाले शुगरमुळे असेल, नसा. बी-ट्वेल्व्ह दिलंय. पण मला सांग, शुगरला घड्याळ कळतं का? सकाळीच होतात. संध्याकाळी वाजवलं तर काही नाही. रविवारीही नाही."

हे रविवारीही नाही मी ऐकलं आणि सोडून दिलं. कारण त्याच वेळी मला काहीतरी आठवून कान तापले होते. चार महिन्यांपूर्वी काकांनी फोनवर सांगितलं होतं की सकाळी जरा घुंऽऽ आवाज येतो, संध्याकाळी कमी असतो. सकाळी लाइनला व्होल्टेज जास्त असतं, आणि तुमच्या गिटारचा पिकअप, म्हणजे तारांखालचं चुंबक-वेटोळं, सिंगल कॉइल आहे, तो थोडा हम ओढणारच, असं ठोकून देऊन मी फोन ठेवला होता. शास्त्रीय वाटेल असं काहीतरी बोललं की गिऱ्हाईक गप्प बसतं, ही वाईट खोड आहे माझी.

आधी मेगर लावला. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीपासून चासीपर्यंत, म्हणजे अँप्लिफायरच्या पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत, इन्सुलेशन ठणठणीत. एक्स्टेंशन बोर्ड उघडला, कारण तीन भोकांच्या बोर्डात दोनच वायरी ही आपल्याकडची नेहमीची गंमत. पण त्यात तिन्ही वायरी होत्या, नीट कसलेल्या. मग अँप्लिफायर चालू केला आणि चासीवरून बोटांची मागची बाजू अलगद फिरवली. गुळगुळीत पत्रा खरखरीत लागला, बारीक पॉलिश पेपरवरून बोट फिरवावं तसा. बंद केला, पुन्हा गुळगुळीत. म्हणजे चासीवर एसी करंट होता. टेस्टर लावला तर दिवा मंद पेटला. मुलगा नेमका त्याच क्षणी टॉवेल गुंडाळून बाहेर आला.

"बघा!"

मीटरने चासी आणि स्वयंपाकघरातलं अर्थिंग यांच्यामध्ये मोजलं, 112 व्होल्ट. आकडा मोठा असला तरी त्यात जीव आहे का हे बघावं लागतं, म्हणून मीटरला दहा के चा, म्हणजे दहा हजार ओहमचा, रेझिस्टर समांतर जोडला. 112 चे साडेतीन झाले. म्हणजे जेमतेम एक तृतीयांश मिलीअँपिअर. ते कुठून येतंय हेही समजलं आणि मान खाली गेली. एलईडी दिव्यांची खरखर आत येऊ नये म्हणून अँप्लिफायरला मीच फिल्टरवालं सॉकेट बसवलं होतं. त्यात फेजपासून चासीला एक आणि न्यूट्रलपासून चासीला एक असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग शाबूत असेल तर त्यांची गळती मुकाट जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर चासी दोघांच्या मधोमध, म्हणजे निम्म्या व्होल्टेजवर लटकते. आणि गिटारच्या तारा चासीलाच जोडलेल्या असतात.

"हॉलच्या बोर्डाला अर्थिंग नाही," मी मुलाला सांगितलं. "त्याची ही गुदगुली. धोका नाही, पण वायरमन बोलवा."

तो हं म्हणून आत गेला. मी पिशवी आवरायलाच घेतली होती. पण काकांचं मनगट डोक्यातून जाईना. एवढ्याशा करंटने बोटाला गुदगुली होते, मनगटापर्यंत मुंग्या जात नाहीत.

एवढ्यात मावशी लादी पुसत हॉलमध्ये आल्या. आम्ही दोघांनी शाळेतल्या पोरांसारखे पाय वर घेतले. त्या पुसून गेल्यावर काका म्हणाले, "आता मी बसतो ना रोज, ती हीच वेळ. मावशी गेल्या की."

मी गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली. अनवाणी पाय ओल्या लादीवर, डाव्या हातात रॉड. स्टील गिटारवाला हा सगळ्या वादकांत धातूने सर्वांत जास्त जखडलेला माणूस आहे. एका हातात अख्खा पोलादी रॉड, दुसऱ्या हाताच्या बोटांत पत्र्याच्या नख्या, दोन्ही तारांना टेकलेले. आठ महिने मी ज्याच्यासाठी अँप्लिफायर बनवत होतो, त्याच्यासारखं हे वाद्य धरून एकदाही बसलो नव्हतो. रॉडला हलकी कंपनं लागत होती. सुसह्य.

सूनबाई इस्त्री घेऊन आल्या, टीव्हीशेजारच्या त्याच बोर्डात पिन खोचली आणि बटण दाबलं.

रॉड माझ्या हातातून उडाला आणि तारांवर आपटला. पंधरा इंची स्पीकरमधून असा आवाज आला की मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या. काका मात्र शांत होते. "असंच," म्हणाले. "हेच होतं."

पुन्हा मीटर, तोच रेझिस्टर, इस्त्री चालू. या वेळी आकडा कोसळला नाही, 46 वर थांबला. म्हणजे साडेचार मिलीअँपिअरच्या वर. दहाच्या आसपास गेलं की धरलेली वस्तू सुटत नाही, स्नायू आवळतात. इस्त्री बंद केली, पुन्हा साडेतीन व्होल्ट. मुलाला बोलावून दोनदा करून दाखवलं. तो टॉवेलवरच उभा होता अजून, पण आता माझ्याकडे न बघता इस्त्रीकडे बघत होता.

इस्त्रीचं एलिमेंट आतून तिच्या पत्र्याला गळत होतं. सूनबाईंना कधी कळलं नाही, कारण मूठ प्लास्टिकची आणि त्यांच्या पायात घरातली स्लीपर. बोर्ड उघडल्यावर बाकीचा उलगडा झाला. चार वर्षांपूर्वी टीव्ही युनिट केलं तेव्हा सुताराच्या सोयीसाठी बोर्ड दोन फूट सरकवलेला. लाल आणि काळी वायर जोड देऊन वाढवली होती. हिरवी पुरली नाही, म्हणून तिला टेप गुंडाळून आतच ठेवून दिली होती, अगदी नीट. पण नव्या बोर्डातली सगळी अर्थची भोकं मात्र आपापसांत हिरव्या तुकड्याने जोडलेली होती. म्हणजे इस्त्रीची गळती जमिनीत जायला वाट नाही, पण शेजारच्या भोकातून माझ्या अँप्लिफायरच्या चासीवर, तिथून गिटारच्या केबलने तारांवर, रॉडवर, काकांच्या हातातून ओल्या लादीवर. रविवारी मुलगा ऑफिसला जात नाही. शर्ट नाही, इस्त्री नाही, झिणझिण्या नाहीत.

घरात 30 मिलीअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हाही नव्हता, जुनी इमारत. परवानावाला वायरमन दुपारी आला, हिरवी वायर जोडली, दुसऱ्या दिवशी आरसीसीबी बसवला. मुलाने मला चहा दिला आणि सकाळच्या फोनबद्दल काहीतरी पुटपुटला. मी त्याला थांबवलं. चार महिन्यांपूर्वीच्या त्या फोनबद्दल काकांनी त्याला काही सांगितलेलं नव्हतं, आणि त्यांच्यासमोर मीही सांगितलं नाही. आता इथे सांगतोय.

इस्त्री मी गाळ्यावर घेऊन आलो. उघडून बघायची होती. एलिमेंटच्या टोकाशी पांढरट बुरशीसारखा थर आणि गंज, स्टीमचं पाणी वर्षानुवर्षं झिरपत असणार. आता अँप्लिफायर कुणाच्याही घरी पोचवायचा झाला की मी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर बरोबर नेतो आणि तो लावल्याशिवाय पिन खोचत नाही. एका रॉकवाल्या पोराने विचारलं, काका, हे काय टोटका आहे का. पोरं आता मलाही काका म्हणतात.

पंधरा दिवसांनी चरईत डोकावलो. हम जवळजवळ गेलेला, सकाळ-संध्याकाळ सारखाच. काका एक भावगीत वाजवत होते, शेवटच्या सुरावर पाय इतका हळू खाली गेला की सूर संपला कधी ते मला सांगता येणार नाही. मी विचारलं, झिणझिण्या?

"हातातल्या गेल्या," ते म्हणाले. "तळपायाला रात्री होतात त्या आहेत अजून. त्या डॉक्टरच्या खात्यात. गोळी चालू ठेवलीय."