मास्क, वर्ग आणि शिक्षक

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या ऑगस्ट २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ वर्षांपर्यंतच्या मुलांवर मास्कची सक्ती नको होती, ६ ते ११ वयोगटासाठी परिस्थिती पाहून निर्णय घ्यायचा होता आणि १२ वर्षांपासून पुढे मोठ्यांचेच नियम सुचवले होते. कागदावर ही विभागणी स्पष्ट असली, तरी नाकाखाली घसरलेला मास्क वर घ्यायला दिवसातून किती वेळा सांगायचे, हे मात्र शिक्षकालाच ठरवावे लागत होते. माझ्या मते, सर्वांसमोर नाव घेऊन टोकण्यापेक्षा स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवणे अधिक योग्य, कारण त्यात मुलाचा अपमान होत नाही आणि शिकवण्याचा ओघही तुटत नाही.

खरी अडचण भाषेच्या तासाला येते. ‘म’ उच्चारताना ओठ मिटतात, ‘न’ उच्चारताना मिटत नाहीत. हा फरक मास्कआड गेला, की अक्षरओळख शिकणारी मुले गोंधळतात, आणि ओठांच्या हालचालींवर विसंबणाऱ्या कर्णबधिर विद्यार्थ्यांचा तर आधारच जातो. अशा वर्गात पारदर्शक मास्क वापरता येतो, मात्र त्यावर वाफ धरते, ही कटकट उरतेच. शिवाय मास्कमागून मोठ्याने बोलून घसा बसतो, त्याची दखल नियमावलीत क्वचितच दिसते.