फ्रेड तुझ्यासारखा

शनिवार, रात्र

सुमेधा झोपली. मला झोप येत नाही.

फिल्म अर्काइव्हमध्ये 'ब्रीफ एन्काउंटर' हा जुना इंग्रजी सिनेमा पाहून आम्ही लॉ कॉलेज रोडने नळ स्टॉपकडे चालत होतो. पाऊस नुकताच थांबला होता. ती म्हणाली, "फ्रेड अगदी तुझ्यासारखा आहे, नाही?" मी काही बोलायच्या आत तिचं दूधवाल्याच्या हिशोबाचं सुरू झालं.

वाईट वाटलं. सरळ लिहून टाकतो. 'ब्रीफ एन्काउंटर'मध्ये लॉरा आहे, तिच्या डोळ्यात गेलेला कण स्टेशनातल्या चहाच्या खोलीत हळुवार काढून देणारा डॉक्टर, तिचा प्रियकर, आहे, आणि हिला मी दिसलो फ्रेडमध्ये. लॉराच्या नवऱ्यात. शेकोटीजवळ शब्दकोडं घेऊन बसलेल्या माणसात.

प्रेमपटात या तिसऱ्या माणसाची सोय आधीच लावून ठेवलेली असते. 'दिलवाले दुल्हनिया'तला (1995) कुलजीत उर्मट, त्यामुळे सिमरन धावत गाडी पकडते तेव्हा त्याच्यासाठी कुणाचाही जीव तुटत नाही. (पंजाबातलं म्हणून दाखवलेलं ते स्टेशन आपल्या पनवेलजवळचं आपटा.) 'कॅसाब्लांका'त (1942) उलटं. नायिकेचा नवरा लाझ्लो छळछावणीतून निसटलेला, इतका मोठा माणूस, की तिचा प्रियकर रिकच तिला त्याच्याबरोबर विमानात बसवून देतो. 'हम दिल दे चुके सनम'मधला (1999) वनराज तर स्वतः बायकोला घेऊन तिच्या प्रियकराला शोधायला इटलीत जातो. म्हणजे नवरा एक तर वाईट हवा, नाहीतर थोर. मधल्या माणसाचं काय करायचं हे कुणालाच सुचत नाही.

फ्रेड मधला आहे. कीट्सच्या ओळीतला एक सात अक्षरी शब्द त्याला अडलेला असतो. लॉरा सांगते, 'रोमान्स'. तो खूश होतो, कारण 'डिलिरियम' आणि 'बलुचिस्तान'शी ते बरोबर जुळतं. मग रेडिओवर रखमानिनॉव्हचं संगीत लागतं, ती त्यात पार बुडून जाते, आणि हा म्हणतो, आवाज जरा कमी करतेस का. इथे मागच्या रांगेत लोक हसले. मला नाही हसू आलं. रविवारी सकाळी सुमेधा किशोरीताई लावते आणि मी पेपरातलं कोडं घेऊन बसतो. आमच्याकडेही आवाज कमी होतो.

घरी येईपर्यंत हेच डोक्यात. इतक्या वर्षांनी बायकोच्या लेखी आपण कोण, तर कोडं सोडवणारा.

पण आता लिहिताना एक गोष्ट लक्षात येतेय. तो सगळा सिनेमा लॉरा फ्रेडलाच सांगत असते. समोर बसलेल्या नवऱ्याला, मनातल्या मनात. हे ज्याला कळेल असा जगात तूच एक, आणि नेमकं तुलाच सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. डॉक्टरच्या वाट्याला तर निरोपही धड येत नाही. शेवटची चार मिनिटं ती बडबडी ओळखीची बाई येऊन खाऊन टाकते, आणि तो लॉराच्या खांद्यावर हात ठेवून, किंचित दाबून, निघून जातो. एरवी अशा सिनेमात शेवटचं मोठं वाक्य प्रियकरासाठी राखून ठेवतात. 1945 साली डेव्हिड लीनने ते फ्रेडला दिलं. तू फार लांब गेली होतीस, परत आलीस, थँक यू.

त्याला कळलं होतं का? सिनेमा सांगत नाही. पण कोडं बाजूला ठेवून तो तिच्याजवळ येतो, म्हणजे तिचा चेहरा त्याने पाहिलेला असणार. आपल्याला फक्त त्याची खाली गेलेली मान दिसत राहते.

सुमेधाचं ते नाशिकचं वर्ष. त्याबद्दल आज नाही लिहायचं.

एवढंच, की मीही तेव्हा काही विचारलं नाही. लक्ष नव्हतं म्हणून विचारलं नाही, असं मात्र नाही. लक्ष होतं. फोन आला की ती गॅलरीत जायची, मी आतून दाराची कडी न लावता बसून राहायचो. मग एका दिवाळीनंतर ती गॅलरीत जायची थांबली. तेव्हाही मी काही बोललो नाही. थँक यूसुद्धा नाही.

तर म्हणू दे मला फ्रेड. संध्याकाळपेक्षा आत्ता ते नाव पुष्कळ बरं वाटतंय. वाटत राहिलंय ते एवढंच, की तिला कुठला फ्रेड दिसला, कोडं सोडवणारा की शेवटचा? पहिला असेल तर तिला सांगायला हवं की मी पाहत होतो. दुसरा असेल तर तिला ते कधीपासून ठाऊक आहे, हे मला ऐकायचंय.

विचारणार आहे. उद्या नको, उद्या तिची आई येतेय. सोमवारी, जेवणं झाल्यावर.