भायखळ्याचा बंबखाना आणि आजीचं सूप

१४ एप्रिलला भायखळ्याला उतरलो तेव्हा स्टेशनाबाहेर निळे झेंडे आणि जयंतीची गडबड होती. मी मात्र निघालो होतो बंबखान्याकडे. मुंबई अग्निशमन दलाचं मुख्यालय इथं पश्चिमेला आहे. आमच्या आजीच्या तोंडी 'फायर ब्रिगेड' कधी आलं नाही, कायम 'बंबवाले'.

आत १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांचं स्मारक आहे. सकाळची मानवंदना होऊन गेली होती. पुष्पचक्रांतल्या निशिगंधाला ऊन लागून तो तपकिरी पडायला लागला होता. त्या एका दुपारी दलाची ६६ माणसं गेली. देशभर अग्निशमन सेवा दिन आजच्या तारखेला असतो तो त्यामुळेच.

व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज लागलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्यातच कापसाच्या गासड्या, आणि वर सोन्याच्या विटा. हे सगळं एका जहाजात भरायची कल्पना कुणाला सुचली असेल! दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, ९०० टनांहून जास्त पाणी आत ओतलं. पण कापूस आतून धुमसत राहतो, ते पाणीच उकळायला लागलं. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

आजी तेव्हा माझगावच्या चाळीत तांदूळ पाखडत बसली होती. "सूप हातात राहिलं, तांदूळ भिंतीला," असं सांगायची. पहिला ओरडा झाला तो जपान्यांनी बॉम्ब टाकल्याचा. मग पेटता कापूस आभाळातून पडायला लागला. तिकडे गिरगावात एका घरात सोन्याची वीट छप्पर फोडून आली. आजीची हळहळ शेवटपर्यंत एकच होती, "आपल्याकडे नुसती कौलं फुटली."

४ वाजून ६ मिनिटांना गोदीशी उभं राहायचं मनात होतं. पण चहात वेळ गेला, लोकल खोळंबली. मस्जिदला उतरून पी. डिमेलो रोडवर यलो गेटशी पोचलो तेव्हा साडेचार होत आले होते. पासाशिवाय आत सोडत नाहीत, हे ठाऊक असूनही विचारलं.

"व्हिक्टोरिया गोदी? ती केव्हाच बुजवली, काका," पहारेकरी म्हणाला. "कंटेनरसाठी भराव टाकलाय. पाणी नाही तिथं आता."

"आज त्या स्फोटाचा दिवस."

"हो, सकाळी साहेब बोलत होते." मागून ट्रेलरचा हॉर्न वाजला. "जरा कडेला व्हा, काका, वळायला जागा लागते त्याला."