लसणाला पाकळ्या का पडल्या नाहीत?

परवा व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी पुन्हा विचारलं, "अगं, मुलं शाळेत जात नाहीत म्हणतेस, मग शिकतात तरी कधी?" त्यांची काळजी खरी आहे. दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

आधी कायद्याचं सांगते, कारण घरच्यांना धास्ती त्याचीच असते. इंग्लंडमध्ये शिक्षण सक्तीचं आहे, शाळा नाही. १९९६ च्या शिक्षण कायद्याचं सातवं कलम आईवडिलांवर जबाबदारी टाकतं: मुलाचं वय, कुवत आणि कल यांना साजेसं पूर्णवेळ शिक्षण त्याला मिळालं पाहिजे, शाळेत किंवा अन्य मार्गाने. त्या 'अन्य मार्गाने'वर आमचं सगळं घर उभं आहे. थोरलीला शाळेतून काढताना आम्ही मुख्याध्यापकांना पत्र दिलं, परवानगी मागावी लागली नाही. कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाकडून, अधूनमधून विचारणा होते, तेव्हा वर्षभरात काय केलं ते लिहून पाठवतो. सोळाव्या वर्षाच्या आसपासची जीसीएसई परीक्षा (आपल्या दहावीसारखी) मात्र बाहेरून द्यावी लागते. केंद्र आपणच शोधायचं, फीही आपणच भरायची. त्याची तजवीज आतापासून करतोय.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर गणित आणि लेखन होतंच, त्यात सूट नाही. बाकीचा बराचसा अभ्यास मात्र आमच्या मळ्यावर ठरतो. इथे कौन्सिल भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे नाममात्र भाड्याने देतं, त्याला अलॉटमेंट म्हणतात. १९०८ च्या कायद्यापासून ही सोय पक्की झाली. पूर्ण तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. आमच्याकडे अर्धा आहे. दोन वर्षं यादीत नाव होतं, तेव्हा तो मिळाला.

पहिल्या वर्षी मार्चमध्ये मोठ्या हौसेने लसूण लावला. पात छान आली. जुलैत उपटला तर बहुतेक ठिकाणी छोट्या कांद्यासारखा गोल गोळा, आत पाकळ्याच नाहीत! थोरलीने एक सोलून चिरला, आत नुसता पांढरा गर. "आई, याला पाकळ्या का पडल्या नाहीत?"

आम्ही वाचलं. लसणाला पाकळ्या पडायला आधी काही आठवडे थंडी लागते, ती नाही मिळाली तर एकच पाकळी फुगत जाते. मी तिथेच थांबले असते, पण तिला ते बघायचं होतं. ऑक्टोबरमध्ये तिने चाळीस पाकळ्या मोजल्या. वीस वाफ्यात टोचल्या, वीस घरात उबेला ठेवल्या, मार्चमध्ये लावायला. दोन्हीकडे लाकडी पट्ट्यांवर तारखा लिहिल्या. आणि मग वाट बघणं आलं. शाळेतला धडा आठवड्यात संपतो, हा प्रश्न पुढच्या जुलैपर्यंत घरात राहिला. घरी शिकवण्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. उत्तर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा देता येतो.

हिवाळ्यात मळ्यावर फारसं काम नसतं. नोव्हेंबरमध्ये ब्रॉड बीन्स (वालासारख्या शेंगा) पेरून झाल्या की माती ओली, जड, आणि साडेतीनला अंधारून यायला लागतं. तेव्हा थोरलीने आलेख सुरू केला. रोज सूर्योदय, सूर्यास्त, आणि मधले तास. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा होता. महिनाभर रेघ हलेचना, धाकटा कंटाळून म्हणाला, "हा आलेख बिघडलाय." मार्चमध्ये मात्र दिवस रोज जवळपास चार मिनिटांनी वाढायला लागला आणि रेघ सरळ वर चढली. जूनमध्ये ती पावणेसतरा तासांवर जाऊन आडवी झाली.

त्या आलेखाशेजारी आम्ही महाराष्ट्राची रेघ काढली. हिवाळ्यात ११ तास, उन्हाळ्यात सव्वातेरा, किती शांत रेघ! मग एकेक कोडं सुटत गेलं. कोथिंबीर इथे जूनमध्ये हाताएवढी होण्याआधीच का फुलते? दिवस लांबला की तिला बी धरायची घाई होते. नाशिकच्या कांद्याचं बी इथे वसंतात का लावू नये? आपला कांदा आखूड दिवसांवर पोसणारा. इथल्या लांब दिवसांत त्याचं रोप वाढायच्या आतच कांदा धरतो आणि सुपारीएवढा राहतो. आजोबांना हे फोनवर समजावून सांगताना थोरलीने आलेख कॅमेऱ्यासमोर धरला होता, आणि आजोबा वहीत लिहून घेत होते.

एप्रिल-मे हे इथले भुकेचे महिने. हिवाळी भाजी संपलेली, नवी आलेली नाही, आणि मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठायची भीती असते, म्हणून टोमॅटोची रोपं खिडकीतच. त्यानंतर गोगलगाई, मटारावर पारवे, ते सगळं सांगत नाही. ऑगस्टमध्ये बटाट्यावर करपा आला तेवढं सांगते. दोन दिवसांत पानं काळी पडली, आम्ही पावसातच पाला कापून काढला. त्या संध्याकाळी मुलांना १८४५ साली सुरू झालेल्या आयर्लंडमधल्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. करपा हाच, आणि बटाट्यावाचून दुसरं खायलाच नसलेली माणसं. धाकट्याने विचारलं, "त्यांनी पाला कापला नाही का?" मला पटकन काही बोलता आलं नाही.

पण लसूण त्याच्या आधीच, जुलैत निघाला होता. ऑक्टोबरच्या विसापैकी अठरा गड्डे भरदार, पाकळ्या पडलेले. दोन सडले. मार्चच्या विसापैकी तेरा गोल गोळे, सातांना मात्र दोन-तीन पाकळ्या. थोरली त्या सातांकडेच बघत बसली. "यांना थंडी कुठून मिळाली?" मग तिला मार्चमधली गार माती आठवली, आणि आता तिला जमिनीत खुपसायचा थर्मामीटर हवा आहे.

धाकट्याने ते तेरा गोळे कुणाला खाऊ दिले नाहीत. एकपाकळी गोळा शरदात पुन्हा लावला तर पुढच्या वर्षी त्याचा पूर्ण गड्डा होतो, हे त्याने ऐकून ठेवलं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याने ते स्वतःच्या हाताने लावले. काल गेलो तेव्हा वाफ्यावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर होता. त्याने हातमोजा काढला आणि बोटाने एकेक कोंब मोजला. अकरा वर आलेत.